कॉमा दम घ्यायसाठी नसतो, सर!

गोदाकाठ (नांदेड):
काल इथं एका क्लासवाल्या सरांनी लिहिलं, "इंग्रजीत दम लागला की कॉमा द्यायचा. क्लॉज-बिज सोडा, धडाधड बोला." (क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्यातलं छोटं वाक्य.) त्यावर वाहवा चाललीय, म्हणून लिहायलोय.

‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे इज अ डॉक्टर’ म्हणजे भाऊ एकाहून जास्त, त्यातला पुण्याचा डॉक्टर. ‘हू’च्या आधी आणि ‘पुणे’च्या पुढं कॉमा दिला की भाऊ एकच. दम दोन्हीकडं सारखाच लागतो, सर. आपली पोरं चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. ‘तो म्हणाला की,’ असं लिहायची सवय, म्हणून ‘ही सेड दॅट’पुढंही कॉमा. मराठीत जरी-तरी जोडीनं येतात, म्हणून ‘ऑल्दो’ लिहून वर ‘बट’. आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमावर जोडलेली.

उदगीरकर:
कोण बघतंय कॉमा? माझ्या भाच्याची पुण्यातली मुलाखत तोंडीच झाली. चुकंल या भीतीनं आमची अख्खी पिढी गप्प बसली. आधी बोलू द्या.

बिंदुसरा:
कोर्ट बघतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या कायद्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम द्यायची गरज नाही त्याची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ असं होतं, ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. एका डेअरीचा माल पोचवणारे ड्रायव्हर म्हणाले, ही सूट फक्त पॅकिंगला, माल पोचवायला नाही, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम द्या. 2017 मध्ये अपील कोर्टानं त्यांचं मानलं, 2018 मध्ये डेअरीनं 50 लाख डॉलरवर तडजोड केली.

जिंतूरचा मास्तर:
अमेरिका ऱ्हाऊ द्या. 1948 पर्यंत आपण निजामात, वरचं शिक्षण उर्दूत. पुढं इंग्रजी पाचवीपासून. 2000 साली पहिलीपासून आणली, पण शिकवणार कोण? आमच्या शाळेत गणित, इतिहास, इंग्रजी सगळं एकाच माणसाकडं. त्याला क्लॉज विचारता?

उदगीरकर:
निजामाला किती दिवस पुढं करणार, मास्तर? लातूर पॅटर्न याच मातीतला ना? पोरं डॉक्टर झालीच की.

जिंतूरचा मास्तर:
पॅटर्नचं मला सांगू नका. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला तर भाषेचा पेपरच नाही. वर्ष-वर्ष पोरगं एक वाक्य लिहीत नाही. माझाच विद्यार्थी मेडिकलला लागला आणि रजेचा अर्ज लिहून मागायला माझ्याकडं आला.

उदगीरकर:
तुमच्या एका पोरावरून हजारोंच्या मेहनतीवर थुंकू नका! शेत गहाण टाकून आईबाप खोलीभाडं भरायलेत तिथं.

गोदाकाठ:
त्याच आईबापांसाठी बोलतोय मी. एवढा पैसा ओतून पोराला धड अर्ज येत नसंल तर फसवणूक कुणाची झाली? बोलायला कोण अडवतंय? पण ‘दम लागला की कॉमा’ हे चूकच आहे. चुकीचं शिकवून भीती जात नसती.

उदगीरकर:
बरं, दमाचं ते चूक, मानलं. पण आठवीच्या पोराला पहिल्याच दिवशी क्लॉज सांगाल तर ते पळून जाईल, हे मी सोडणार नाही.

जिंतूरचा मास्तर:
क्लॉज म्हणायचंच कामून? ‘हू’पासूनचा तुकडा काढून वाचायला लावायचं. माणूस कोणता ते तरी कळतंय, तर दोन्हीकडं कॉमा. कळंना झालं, तर एकही नाही. सातवीला सांगून पाहिलंय मी, जमतं त्यांना.