शब्दचर्चा: निरोप घ्यायचा की द्यायचा?

आईला सध्या 'स्क्रब्ज' ही अमेरिकन मालिका दाखवते आहे. आई सरकारी रुग्णालयात सिस्टर होती, त्यामुळे वॉर्डातले विनोद तिला माझ्याआधी कळतात. पण संवाद फार झरझर सुटतात, म्हणून मी थोडी मराठी उपशीर्षकं लिहून ठेवते. सहाव्या सीझनमधल्या (२००७) 'माय लाँग गुडबाय' या भागाशी अडले. लव्हर्न ही जुनीजाणती नर्स गाडीच्या अपघातानंतर कोमात आहे, ती उठण्याची आशा नाही. एकेक जण खोलीत जाऊन तिला 'गुडबाय' म्हणून येतो. तिची जिवाभावाची मैत्रीण कार्ला तेवढी जात नाही. मी लिहिलं, 'सगळ्यांनी लव्हर्नचा निरोप घेतला.' आई म्हणाली, "जाणार ती आहे ना? मग निरोप हे का घेतायत?"

काय लिहावं?

प्रतिसाद:
आईंचं बरोबर आहे. निघणारा निरोप घेतो, मागे राहणारा देतो. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, परवानगी. निरोप घेणं म्हणजे निघायची परवानगी मागून घेणं. म्हणून माणूस 'जगाचा निरोप घेतो' आणि निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाळा 'निरोप देते'. सांगावा या अर्थाचा निरोपही याच घरातला: वरून आलेली आज्ञा कोणीतरी पोचवायची, पोचवणारा तो निरोप्या. त्यामुळे 'कार्लाने लव्हर्नला निरोप दिला' लिहिलंत तर वाचणारा विचारेल, कोणाचा निरोप?

प्रतिसाद:
थोडी हरकत. भेटायला आलेली माणसं खोलीतून निघतातच की. 'आजारी काकूंचा निरोप घेऊन बाहेर पडलो' असं आपण सहज लिहितो. तेव्हा पहिलं वाक्य चूक नाही, फक्त दाराच्या बाजूने बघितलेलं आहे. खाटेच्या बाजूने बघायचं तर 'देणं'च हवं. आणि कार्लासाठी मी 'कार्ला निरोप देईना' असं लिहीन. 'गुडबाय' दोन्हीकडून सारखाच. मराठीत मात्र ती परवानगी अडवून बसली आहे हे क्रियापदातच दिसतं. इथे मूळ इंग्रजीपेक्षा मराठी सरस ठरते असं माझं मत. (रागावू नका, रोज असं होत नाही.)

प्रतिसाद:
त्याच भागात डॉ. कॉक्सला मुलगी होते, आणि सगळे दुःखात आहेत म्हणून तो बातमी दाबून ठेवतो. यासाठी आपल्याकडे एकच जोडशब्द तयार आहे: सोयरसुतक. जन्माचं सोयर, मृत्यूचं सुतक. हल्ली तो फक्त 'त्याला कशाचंच सोयरसुतक नाही' एवढ्यापुरता उरलाय. कॉक्स एरवी तसाच वाटतो, आणि इथे एका दिवसात दोन्ही त्याच्या दारात.

प्रतिसाद:
विषय सोडून एक. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लव्हर्नच्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं. अलोमा राइट ही तीच नटी पुढे नर्स शर्ली म्हणून मालिकेत परत आली, आणि दोघी सारख्या दिसतात हे फक्त मालिकेचा नायक डॉक्टर जेडी याला जाणवतं!

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. 'कार्ला निरोप देईना' ठेवलं. बाकीच्यांसाठी 'निरोप द्यायला एकेक जण आत गेला' केलं, म्हणजे सांगाव्याचा घोळ होत नाही. 'एक्सपायर झाली' कुठेच वापरलं नाही. वॉर्डात सगळे तेच म्हणतात, पण आईच्या मते ते पेशंटबद्दल म्हणतात. स्टाफपैकी कोणी असेल तर 'आपल्या सिस्टर गेल्या'.

भाग पुन्हा लावला. कार्ला शेवटी खाटेजवळ जाते तेव्हा आई म्हणाली, "आमच्यात ड्यूटी संपली की ओव्हर द्यायची असते. कुठल्या खाटेला काय चालू आहे, कोणाचं सलाइन कधी संपेल, सगळं सांगून मगच निघायचं. हिची ओव्हर राहिली बघ."

ते वाक्य उपशीर्षकात घालता येत नाही. वहीत लिहून ठेवलंय.