मोटरहोमचा ब्रेकलाइट स्विच: हातच पोचत नाही, स्वतः बदलू की गॅरेजला देऊ?

रानवाटा:
मंडळी, सल्ला हवाय. आमची क्लास सी मोटरहोम आहे, म्हणजे व्हॅनच्या चासीवर (सांगाड्यावर) बांधलेलं फिरतं घर, २००६ ची, फोर्ड ई-४५० चासीवरची, २८ फुटी. राहतो नॉर्थ कॅरोलिनात, रॅलीजवळ. परवा सिग्नलला मागच्या गाडीतल्या बाई मुद्दाम उतरून आल्या आणि म्हणाल्या, ब्रेक दाबलात तरी मागे काही पेटत नाही. घरी येऊन पाहिलं, खरंच. फ्यूज शाबूत आहे. काल तर गिअर पार्कमधून निघेचना. इतक्या वर्षांत स्विच झिजला असावा असं वाटतंय.

अडचण जागेची. स्विच पॅडलच्या दांडीवर पार वरती आहे. डावीकडे दार, उजवीकडे इंजिनाचं झाकण, मधल्या बोळात पाठीवर झोपलं तर दोन बोटं कशीबशी पोचतात, पण तेव्हा दिसत काही नाही. नेहमीच्या गॅरेजवाल्याने गाडीची उंची बघून नाही म्हटलं.

महिनाअखेरीस आई-बाबा नाशिकहून येताहेत, त्यांना ब्लू रिज पार्कवेला न्यायचंय. त्या उतारांवर ब्रेकलाइटशिवाय गाडी काढणार नाही. स्वतः करावं का? नाहीतर कुणाकडे द्यावं?

घाटवळण:
आधी स्विचच गेलाय याची खात्री करा, मग पाठ मोडा. दोन गोष्टी सांगा. मागचे इंडिकेटर लागतात का? आणि वरचा मधला तिसरा दिवा ब्रेकला पेटतो का? तो असेल तर. १०,००० पौंडांवरच्या गाड्यांना तो कायद्याने सक्तीचा नाही, त्यामुळे काहींना नसतोही.

रानवाटा:
इंडिकेटर दोन्ही बाजूंचे लागतात. मधला दिवा आहे, पण ब्रेकला तोही पेटत नाही.

घाटवळण:
मग तुमचा अंदाज बरोबर दिसतोय. या गाड्यांत मागे ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हींना एकच लाल दिवा असतो, तारही तीच. इंडिकेटर लागतो म्हणजे बल्ब आणि अर्थिंग ठीक. खालच्या दिव्यांकडे जाणारा ब्रेकचा करंट स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचमधून फिरून जातो, मधल्या दिव्याचा मात्र जात नाही. नुसते खालचे दोन बंद असते तर मी त्या इंडिकेटर स्विचवर बोट ठेवलं असतं. तुमच्याकडे तिन्ही बंद आणि गिअरही अडकतोय, कारण गिअर सोडणाऱ्या कुलपालाही ब्रेक दाबल्याची खबर पॅडलवरच्या ब्रेकलाइट स्विचकडूनच मिळते.

तरी टेस्ट लॅम्प लावून बघाच. कनेक्टरच्या एका तारेत सतत १२ व्होल्ट हवेत, दुसरीत फक्त पॅडल दाबल्यावर. पहिलीतच वीज नसेल तर नवा स्विच घालून काही उपयोग नाही.

अबोली:
रानवाटा, मी हे काम माझ्या ई-सिरीजवर स्वतः केलंय. जमतं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: हा स्विच ज्या पिनेवर बसतो त्याच पिनेवर ब्रेक बूस्टरचा (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या भागाचा) दांडा अडकवलेला असतो. म्हणजे तुम्ही दिव्याचा स्विच बदलताना ब्रेकचा सांधा उघडत असता. ती पिन धरून ठेवणारी केसांच्या पिनेसारखी छोटी क्लिप नीट बसली नाही, तर दांडा सुटेल आणि पॅडल नुसतं खाली जाईल. क्लिप नवीच घाला, जुनी वाकवून परत वापरू नका.

जागेसाठी मी ड्रायव्हरची सीटच काढली. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा, मग सीटखालचा कनेक्टर, मग सीटचे नट. पाय मागे घरात सरळ पसरता येतात. दाराच्या पायरीच्या खड्ड्यावर फळी टाकून वर गोधडी अंथरा, नाहीतर पत्र्याची कड बरगडीत रुतते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

वर गेल्यावर आधी कनेक्टर काढा. मग मोबाइल वर धरून दोनचार फोटो काढा, कारण पिनेवर नायलॉनचे वॉशर असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. ब्रेक दाबला की पॅडलची पिन आणि दांडा यांच्यात केसभर हालचाल होते, स्विच तीच टिपतो. वॉशर उलटसुलट झाला तर दिवे एकतर पेटणार नाहीत किंवा विझणार नाहीत. बाकी याला कसली जुळवाजुळव लागत नाही. क्लिप पडली तर शोधायला लोहचुंबक जवळ ठेवा.

आणि जुना कनेक्टर नीट बघा. आतल्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील किंवा प्लॅस्टिक वितळलं असेल तर तोही बदला.

थेम्सकाठ:
इकडे युरोपातल्या चासीवाल्यांसाठी लिहून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत स्विच पॅडलच्या वरच्या पट्टीत असतो आणि पाव वळसा देऊन निघतो. नवा बसवताना पॅडल हाताने खाली धरा, स्विच फिरवून बसवा आणि मगच पॅडल सोडा. त्याचं बोंड एकदाच स्वतःला जुळवून घेतं.

चाकोरी:
बाहेर द्यायचंच असेल तर आरव्ही (म्हणजे अशी फिरती घरं) दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे नको. ते बहुतेक फ्रिज, गीझर, पाण्याचे पंप यात मुरलेले असतात. डिलिव्हरी ट्रक आणि ॲम्ब्युलन्स दुरुस्त करणारं गॅरेज शोधा. त्यांच्याकडे उंच दार असतं आणि ही चासी त्यांच्या रोजच्या हाताखालची.

पार्ट मागवताना गाडीच्या कागदावरचं साल सांगू नका. मोटरहोम २००६ ची असली तरी चासी आदल्या वर्षीची असू शकते. चासीच्या व्हीआयएन नंबरातलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) दहावं अक्षर बघा, त्यावरून साल कळतं.

रानवाटा:
चाकोरी, मनापासून आभार. दहाव्या जागी ५ निघाला, म्हणजे चासी २००५ ची. त्याप्रमाणे स्विच आणि क्लिप आणली.

अबोलीताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सगळं धरून तीन तास गेले, त्यातला निम्मा वेळ सीटला. एक वॉशर जुन्या स्विचलाच चिकटून निघाला होता. फोटो नसता तर तो कचऱ्यात गेला असता. कनेक्टर स्वच्छ होता. आता तिन्ही दिवे लागतात आणि विझतात, गिअरही मोकळा झाला.

अबोली:
छान झालं! इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवरच असताना दहाबारा वेळा पॅडल जोरात दाबून बघा. मग मोकळ्या जागेत हळू चालवून. आणि आई-बाबांना घेऊन निघायच्या आधी पन्नासेक मैल फिरवून आणा, घरी आल्यावर आरसा आणि टॉर्च घेऊन ती क्लिप पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा.