पिलूच्या बिया रुजत नाहीत, काय चुकतंय?

प्रश्न: खाडीकाठच्या पिलूची (मिसवाकचं झाड) पिकलेली लाल फळं अख्खीच कुंडीत पेरली. तीन आठवडे झाले, एकही कोंब नाही. माती खारट हवी का?

उत्तर १: अख्खं फळ पेरलंत तिथेच चुकलं. गरातली द्रव्यं बी रुजू देत नाहीत. फळ चोळून गर धुवा (आत एकच बी निघेल), २४ तास पाण्यात भिजवा, वाळूमिश्रित मातीत जेमतेम १ सेंमी खोल पेरा. बी ताजंच हवं, साठवलेलं लवकर मरतं. मीठ मुळीच नको! मोठं झाड खारं सोसतं, कोवळ्या रोपाला गोडंच पाणी द्या.

उत्तर २: कुंडीला तळाशी भोकं ठेवा, पाणी साचलं की मूळ कुजतं. आणि खाडीवरून रोप उपटून आणू नका. महाराष्ट्रात कांदळवनं संरक्षित आहेत.

प्रश्नकर्ता: म्हणजे दात घासायच्या मिसवाकच्या काड्यांसाठी मुळं खणणंही नको?

उत्तर २: तिथली नकोच. घरचं झाड वाढलं की कोवळ्या फांद्याही चालतात.