थेरपी मुलाला द्यायची की आईला शिकवायची?

ओटीवाली
मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट; मुलाला कपडे घालणं, जेवणं अशी रोजची कामं शिकवते. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडलेल्या किंवा दिव्यांग मुलांना थेरपी देणाऱ्या सरकारी केंद्रात, आठवड्याला ४५ मिनिटांची दोन सेशन मिळाली, तरी होतो दीड तास. तीन-चार वर्षांचं मूल आठवड्यात साधारण ८४ तास जागं असतं. उरलेले साडेब्याऐंशी तास ते आई, आजी आणि अंगणवाडी सेविकेकडे. तरीही मूल आत, आई बाहेर बाकावर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत दारातच दहा व्यायामांचा झेरॉक्स तिच्या हातात. त्याला आपण होम प्रोग्राम म्हणतो.

माझं म्हणणं असं की सेशनचा निम्मा वेळ मूल आईच्या हातात हवं. याला सगळीकडे कोचिंग म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने लातूरचे क्लास आठवतात, त्याला इलाज नाही.

करायचं कसं? मागच्या वेळी ठरलेलं कुठे जमलं, कुठे अडलं हे आधी विचारा. मग 'घरी करता तसं करून दाखवा' म्हणा आणि तोंड बंद ठेवा. त्यानंतर एकच गोष्ट बदलून दाखवा. ती आईने लगेच, तिथेच करायची. काय वेगळं झालं ते आधी तिने सांगायचं, मग आपण. शेवटी पुढच्या आठवड्यात दिवसातल्या कुठल्या वेळी करायचं ते ठरवा. 'रोज तीनदा' लिहिलं तर होत नाही. 'आंघोळीनंतर चड्डी घालताना' ठरलं तर होतं, कारण चड्डी घालावीच लागते.

चड्डीचंच घ्या. आईने ती मांड्यांपर्यंत आणायची, शेवटचा ओढा मुलाचा. दोन्ही हात बाजूंना धरले तर चड्डी मागे कुल्ल्यांवर अडकते, म्हणून एक हात पुढे, एक मागे. चार-पाच दिवस सलग जमलं की गुडघ्यांपासून द्या. सुरुवात मुलाकडे दिली की आई घाईत मधेच हिसकावते आणि काम संपवल्याचा आनंद त्याला मिळतच नाही.

बाकावरची बाजू
ते साडेब्याऐंशी तास आई मोकळी बसलेली असते असं धरून चाललाय तुम्ही. त्यात भांगलणं आहे, धुणं आहे, दुसरं मूल आहे, सासऱ्यांचं औषधपाणी आहे.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुजली. तिथे १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांच्या सेवेची योजना कुटुंबासोबत आखायची ठरली आणि पुढे ही सेवा मुलाच्या घरी किंवा पाळणाघरात देण्यावर भर आला. म्हणजे शिकवणारी गाडी काढून घरी येते. आपण त्यातलं अर्धंच उचललं. शिकायचं आईने आणि दोन एसट्या बदलून यायचंही आईनेच. मूल पुढे सरकलं नाही की फाइलवर शेरा पडतो, 'पालक घरी करून घेत नाहीत'. बापाचा कॉलम त्या फाइलीत असतो का?

पायरी
मी फिजिओ. निम्मा वेळ आईकडे हा नियम सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या) मुलाच्या खाण्याला लावलात तर घात होईल. घरोघरी दिसतं ते असं: मूल मांडीवर आडवं, मान मागे आणि बोंडल्याने पातळ पेज घशात. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि पेज फुफ्फुसात जाऊ शकते. प्रत्येक वेळी ठसका लागतोच असंही नाही. जेवताना डोळ्यांत पाणी, जेवल्यावर ओलसर घरघर, वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया यातलं काहीही असेल तर आधी गिळण्याची तपासणी. तोवर आईला 'तुम्हीच करून बघा' म्हणणं हा निष्काळजीपणा आहे.

तपासणीनंतर मात्र शिकवा, आणि नीट शिकवा. कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलांखाली पाट, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून आणि खालून आला पाहिजे. वरून आला की मूल मान वर करतं. पेजेऐवजी चमच्यावर टिकेल असा मऊ वरणभात, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही.

कानसेन
श्रवणाच्या बाबतीत मी अधेमधे आहे. श्रवणयंत्राचं सेटिंग, ते कानात बसवणाऱ्या साच्याचं माप ही कामं ऑडिओलॉजिस्टचीच. कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शीळ घालतं आणि शीळ थांबावी म्हणून घरचे आवाज कमी करून ठेवतात. मग महागडं यंत्र नुसतं कानावर टांगलेलं राहतं.

पण हे केंद्राला कळायला पुढची भेट उजाडते, आईला त्याच सकाळी कळू शकतं. आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज. मुलाच्या मागे, साधारण हातभर अंतरावर उभं राहायचं, नेहमीच्या आवाजात म्हणायचं, क्रम रोज बदलायचा. ऐकू आलं की मुलाने डब्यात एक चिंचोका टाकायचा. (तोंडात घालणारं मूल असेल तर मोठा ठोकळा.) कालपर्यंत 'स' आणि 'श' ला टाकत होतं आणि आज नाही, तर आधी सेल, मग साच्यात मळ, मग नळीत दमटपणा बघा. पावसाळ्यात बहुतेक नळीच. तीनही ठीक असतील तर केंद्र गाठा. हे शिकवायला दहा मिनिटं लागतात, आणि ही दहा मिनिटं आईकडे आहेत.

पर्यवेक्षिका
सगळे आईवरच भांडताय. अंगणवाडीचं काय? दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉल २०२३ च्या नोव्हेंबरात आला. मूल ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा, सगळं त्यात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दोन दिवसांच्या मधे सेविकेने काय करायचं हे तिच्याशेजारी बसून दाखवणारं कोणीच नाही. हॉलमधल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून रजिस्टर भरायला येतं, मूल हाताळायला येत नाही.

डाउन सिंड्रोमचं न बोलणारं मूल असेल तर सेविका विचारते, 'काय पाहिजे? खिचडी पाहिजे? बोल ना, बोल!' तीन वाक्यं दोन सेकंदांत. मुलाला उत्तर जुळवायला वेळच नाही. तिथे बसून एवढंच बदलायचं: ताटलीत थोडीशीच खिचडी वाढा, डाव मुलाला दिसेल असा धरा आणि मनात पाच आकडे मोजा. हात पुढे आला, नुसतं बघितलं, 'आ' म्हटलं, काहीही चालेल. तिने 'आणखी!' म्हणायचं आणि वाढायचं. मात्र ताटली रिकामी ठेवून मुलाला तिष्ठत ठेवायचं नाही. तसं केलं की मूल रडतं आणि सेविका प्रयोग सोडून देते.

दुसरं दुखणं तुमचं तुम्ही निस्तरा. फिजिओची चार उद्दिष्टं, स्पीच थेरपिस्टची चार, ओटीची तीन, स्पेशल एज्युकेटरची तीन. एका मुलामागे चौदा, त्यातली दोन एकमेकांच्या विरुद्ध. कुटुंबाशी आणि सेविकेशी एकानेच बोलावं, बाकीच्यांनी त्याला मागून सांगावं.

पायरी
एकानेच बोलणं कागदावर छान दिसतं. स्पीचवाल्यांची नोंदणी आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे), आमची राज्य परिषदेकडे. उद्या स्पीचवालीने ताठरलेला पाय ताणायला सांगितला आणि दुखापत झाली तर जबाबदार कोण?

पर्यवेक्षिका
ताणायला कोण सांगतंय? निरोप पोचवायचा, उपचार ठरवायचा नाही. 'जेवताना पावलांखाली पाट' एवढं स्पीचवालीने सांगितलं तर कोणाचं लायसन्स जात नाही.

ओटीवाली
पायरी, गिळण्याचं मान्य. तपासणीआधी आईकडे देऊ नये; निम्म्या वेळेचा नियम तिथे मागे घेते. बाकी ठिकाणी नाही.

बाकावरची बाजू, त्या शेऱ्याबद्दल तुम्ही बरोबर आहात. मी तिथे 'ठरवलेली वेळ या घरात बसली नाही, दुसरी शोधणे' असं लिहावं म्हणते, म्हणजे काम थेरपिस्टच्या अंगावर येतं. आणि दर आठवड्याच्या फेरीऐवजी एक आड एक आठवडा तीस सेकंदांचा व्हिडिओ मागवावा.

बाकावरची बाजू
व्हिडिओ काढणार कोण? चड्डी घालताना तिचे दोन्ही हात मुलाला लागतात. आणि कपडे बदलतानाचा व्हिडिओ तर कोणाकडूनच मागवू नका.

ओटीवाली
कपड्यांचा नाही, जेवणाचा. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून, आडवा. आधी जेवायला बसवायचं, मग बटण दाबायचं. उलटं केलं की मूल मोबाइलकडेच धावतं.

बाकावरची बाजू
मोबाइल संध्याकाळी बापाबरोबर घरी येतो. तेव्हा रात्रीचं जेवण धरा, आणि भरवू दे त्यालाच.