मदत हवी आहे: होलसेल किराणा, खरा नफा साडेतीन टक्क्यांच्या आत आणि कलम ४४एडीचे सहा-आठ टक्के

नमस्कार. कराडच्या बाजारपेठेत माझे होलसेल किराणा मालाचे दुकान आहे. दुकान माझ्या एकट्याच्या मालकीचे असून जीएसटीची नोंदणी नियमित पद्धतीची आहे. साखर, खाद्यतेल, डाळी आणि गूळ हा मुख्य माल, आणि गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गावांतील किरकोळ दुकानदार. डिसेंबरअखेरचे आकडे पाहता २०२५-२६ या वर्षाची विक्री सुमारे १ कोटी ९० लाख रुपयांवर जाईल असे दिसते.

या धंद्यात उलाढाल मोठी दिसते, पण हाती राहते ते फार थोडे. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यामागे मला २५ रुपये सुटतात, आणि त्यातूनच हमाली, टेम्पोचे डिझेल, गाळ्याचे भाडे आणि दोन कामगारांचा पगार भागवायचा असतो. माझ्या वहीप्रमाणे वर्षाअखेर निव्वळ नफा साडेसहा लाखांच्या आसपास राहील. २०२२-२३ पासून मी आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब न देता विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी अंदाजित नफा दाखवून विवरणपत्र भरत आलो आहे. या कलमाप्रमाणे बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि उरलेल्या विक्रीवर ८ टक्के नफा धरावा लागतो. माझी मांडणी अशी आहे: बँकेतून व यूपीआयने १ कोटी ४० लाख, त्यावर ८ लाख ४० हजार, उरलेले ५० लाख, त्यावर ४ लाख, एकूण १२ लाख ४० हजार. म्हणजे जवळजवळ दुप्पट उत्पन्न, जे मी कमावलेलेच नाही, ते मला स्वतःच्या सहीने कमावले म्हणून दाखवावे लागणार.

आमच्या आधीच्या करसल्लागारांनी मागील दोन वर्षे सगळ्याच विक्रीवर सरसकट ८ टक्के धरले होते, हे मला या दिवाळीत जुने कागद चाळताना कळले. शिवाय त्यांनी मला वजावटी मिळणाऱ्या जुन्याच करप्रणालीत ठेवले होते, कारण मी पीपीएफ आणि विम्याचे हप्ते मिळून कलम ८०सीच्या वजावटीचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे ५० हजार दाखवतो. आता मी सल्लागार बदलणार आहे. मात्र नव्या माणसासमोर बसण्यापूर्वी माझे प्रश्न मला नीट मांडता यावेत, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

पहिला प्रश्न: खरा नफा साडेसहा लाखच दाखवून त्यासाठी लागणारे वह्यांचे ऑडिट करून घ्यावे, की ४४एडीमध्येच राहावे? दुसरा: जुनी प्रणाली सोडून नवीन घेतली तर पुढे परत येता येते का? तिसरा: ऑगस्टमध्ये कर्ज काढून टेम्पो घेतला आहे, त्याचा घसारा (वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत) आणि व्याज अंदाजित नफ्यातून वजा होते का? चौथा: आधीच्या दोन वर्षांत जास्त भरलेला कर परत मागता येईल का?

प्रतिसाद: रोजमेळ

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे निराशाजनक असली तरी सरळ आहेत. ४४एडीच्या टक्क्यांमध्ये घसारा आणि व्याज यांसह सगळे खर्च वजा झाले असे कायदाच मानतो, त्यामुळे टेम्पोसाठी वेगळे काही मिळणार नाही. मागील वर्षाचे सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत गेल्या महिन्यात ३१ डिसेंबरला संपली, आणि नंतर भरता येणारे ‘अपडेटेड रिटर्न’ कर कमी करण्यासाठी किंवा परतावा मागण्यासाठी वापरता येत नाही.

पहिल्या प्रश्नाकडे मात्र थोडे थांबून पाहा. आपण जो कमावला नाही तो नफा दाखवायचा, ही बोच मला समजते. आमच्या घरी कापड दुकान होते आणि वडील यावरून दरवर्षी चिडत. परंतु या वर्षी प्रश्न नफ्याच्या आकड्याचा नसून कराच्या आकड्याचा आहे. नवीन प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची पूर्ण सूट असल्यामुळे साडेसहा लाख दाखवले तरी कर शून्य आणि १२ लाख दाखवले तरी कर शून्यच. मग ऑडिटची फी भरून, वर्षभराच्या वह्या तपासून घेऊन तुम्ही काय वाचवणार? उलट २०२२-२३ नंतरच्या पाच वर्षांच्या आतच तुम्ही ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षे ४४एडीचे दार बंद होईल आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल त्या प्रत्येक वर्षी ऑडिट मागे लागेल.

जुन्या प्रणालीत १२ लाख ४० हजारांतून दोन लाख वजा केले, तरी उपकरासह कर १ लाख २९ हजार ४८० रुपये होतो. नवीन प्रणालीत १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न जाते तेवढाच कर, या मार्जिनल रिलीफमुळे ४० हजार आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ४१ हजार ६०० रुपये. परतीच्या वाटेचे म्हणाल, तर व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला फॉर्म १०-आयईए भरून जुनी प्रणाली एकदाच घेता येते. ती सोडून नव्यात आलात की व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत जुन्यात जाता येत नाही. वरचा फरक पाहता ते दार बंद झाल्याचे दुःख मी तरी करणार नाही.

प्रतिसाद: पेठकर

रोख रक्कम रोज आपल्या खात्यात भरा, म्हणजे ती बँकेतूनच आली असे धरून ६ टक्के लागतील. आमच्याकडे सगळे तसेच करतात.

प्रतिसाद: रोजमेळ

पेठकर, क्षमा करा, पण हे चूक आहे. पैसे गिऱ्हाइकाकडून तुमच्याकडे कोणत्या मार्गाने आले हे पाहिले जाते. तुम्ही ते नंतर कुठे ठेवले, हे नाही. क्रॉस केलेला अकाउंट पेयी धनादेश, डिमांड ड्राफ्ट, एनईएफटी, आरटीजीएस, यूपीआय यांना ६ टक्के. गल्ल्यातील रोकड स्वतःच भरली तर ती रोकडच.

धागाकर्त्यांना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या नावावर विम्याची किंवा अन्य कसली कमिशनची एजन्सी नाही ना? कमिशनचे उत्पन्न असणाऱ्याला ४४एडी लागू होत नाही, आणि हे छोट्या गावांत हमखास नजरेतून सुटते. दुसरे, बँकेच्या ठेवीचे व्याज तुम्ही १२ लाख ४० हजारांत धरलेले दिसत नाही.

धागाकर्ता

एजन्सी कसलीही नाही. ठेवीचे व्याज साधारण १० हजार येते, ते खरोखरच विसरलो होतो. म्हणजे एकूण १२ लाख ५० हजार आणि कर ५२ हजार. एक खुलासा करतो: मी ज्या ५० लाखांवर ८ टक्के धरले, त्यात प्रत्यक्ष रोख २८ लाखच आहेत. उरलेले २२ लाख म्हणजे ३१ मार्चला दुकानदारांकडे बाकी राहील असा उधारीचा अंदाज. पैसे आलेलेच नसल्यामुळे ते कुठे धरावेत हे न कळून मी रोखीत टाकले.

प्रतिसाद: रोजमेळ

मग तुमचा खरा पैसा या २२ लाखांतच अडकला आहे! विक्री या वर्षाची असली, तरी तिचे पैसे विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेमार्फत आले तर त्यावर ६ टक्केच धरायचे, असे कलमातच म्हटले आहे. सगळी उधारी तशी वसूल झाली तर २ टक्क्यांच्या हिशेबाने ४४ हजार कमी होतील आणि उत्पन्न १२ लाख ६ हजारांवर येईल. उरलेल्या ६ हजारांसाठी मार्चपर्यंतच्या रोख विक्रीपैकी ३ लाखांची विक्री यूपीआयवर आणता आली, तर कर शून्य होतो. न जमल्यास ६ हजार २४० रुपये भरावे लागतील. देय कर १० हजारांच्या खाली असल्याने १५ मार्चच्या अग्रिम कराची, म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायच्या कराचीही काळजी उरणार नाही. मात्र उधारी रोखीत येणार असेल तर तो हप्ता चुकवू नका, कारण ४४एडीवाल्यांना एकच हप्ता असतो.

आणखी एक इशारा. पुढच्या वर्षी विक्री २ कोटींच्या वर गेली तर ४४एडी लागू होणार नाही. ३ कोटींची मर्यादा आहे, पण एकूण जमेपैकी रोख ५ टक्क्यांहून अधिक नसेल त्यांनाच. जुनी थकबाकी एकदम रोखीत घेताना एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त स्वीकारू नका. कलम २६९एसटीखाली स्वीकारलेल्या रकमेइतकाच दंड आहे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल रात्री खातेवही उघडून नावे काढली: ४१ दुकानदारांकडे बाकी आहे, त्यांपैकी १४ जण नेहमी रोख देतात, आणि त्यातले निम्मे आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवीत पैसे घेऊन येतात. त्यांच्यासाठी गल्ल्याजवळ क्यूआर कोडची पाटी आज लावली. एका वयस्कर दुकानदारांनी ती पाहून विचारले, “म्हणजे आता मोजून घ्यायचे नाहीत?” त्यांच्या मुलाच्या खात्यातून पैसे आले तर वहीत नोंद कोणाच्या नावे करावी?

प्रतिसाद: रोजमेळ

नोंद वडिलांच्याच खात्यावर करा, कारण बिल त्यांच्या दुकानाचे आहे. मुलाकडून रक्कम आल्याचा उल्लेख आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक त्याच ओळीत लिहून ठेवा, आणि पावतीवर वडिलांची सही घ्या.