दूध सोसत नाही, मग कॅल्शियम कशातून?

रानजाई
आईचं वय ५४, पाळी जाऊन ३ वर्षं झाली. दुधाने पोट फुगतं, दही चालतं. कॅल्शियमसाठी रोज पालक खाते, तेवढं पुरतं का? १२५० मि.ग्रॅ.ची गोळीही दिली आहे. सकाळी थायरॉइडची गोळी असते, मग ही कधी घ्यायची?

मेतकूट
पालकावर विसंबू नका. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेट या पालकातल्याच घटकाने बांधलेलं असतं, जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दह्यातलं ३० टक्क्यांच्या आसपास. पालेभाजीच हवी तर शेवग्याचा पाला आणा. जाड काड्या काढून मुगाच्या डाळीत शिजवला की छान लागतो.

पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मि.ग्रॅ. लागतं. दोन वाट्या दही साधारण ३५०, नाचणीची एक भाकरी (४० ग्रॅम पीठ) १४०, ५० ग्रॅम शेवग्याचा पाला १५०. डाळी, तीळ वगैरे धरून ७५०च्या पुढे जाल, उरलेलं गोळीतून. पाणी घालून केलेलं ताक मात्र वाटीला वाटी दह्याइतकं धरू नका. नाचणी मोड आणून दळलेली असेल तर उत्तम, फायटेट (धान्यातला कॅल्शियम अडवून ठेवणारा घटक) कमी झाल्याने कॅल्शियम जास्त शोषलं जातं.

कषाय
गोळीवरचा १२५० हा आकडा बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असेल, पाकिटावर बघा. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५००च. एका वेळी तेवढंच पुरे, त्यापुढे शोषण घसरतं.

कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत घ्यायची. थायरॉइडच्या गोळीनंतर किमान ४ तास जाऊ द्या, नाहीतर त्या गोळीचा गुण कमी होतो. सकाळी ६ला ती, दुपारी जेवताना ही. लोहाची गोळी असेल तर ती रात्री. पँटोप्राझोलसारखं पित्ताचं औषध रोज चालू असेल तर जठरातलं आम्ल कमी होतं, म्हणून डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल (आम्लावर अवलंबून नसलेली कॅल्शियमची गोळी) विचारा. आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्याच. ते कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही.

रानजाई
दोघांचे आभार. आईला आधी एकदा ऑक्झलेटचा मुतखडा झाला होता, म्हणून दही बंद करा असं सगळे सांगतात.

मेतकूट
दही मुळीच बंद करू नका! जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. ते कमी पडलं की ऑक्झलेट रक्तात शिरून लघवीत उतरतं. बंद करायचा तो रोजचा पालक. गोळी मात्र मुतखड्याचं डॉक्टरांच्या कानावर घालूनच चालू ठेवा, आणि रिकाम्या पोटी कधीच नको.