एडिंबऱ्यात शनिवार-रविवार: सासूसासऱ्यांना काय दाखवावे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही मँचेस्टरला राहतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीहून सासूबाई आणि सासरे येत आहेत आणि त्यांना घेऊन शनिवार-रविवारी एडिंबऱ्याला जायचे ठरवले आहे. शुक्रवारी रात्री वेव्हर्ली स्टेशनवर उतरू आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परतू. सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे एखाद्या वास्तूसमोर छायाचित्र काढण्यापेक्षा तिथे काय घडले, हे समजून घेण्यात त्यांना अधिक रस असतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर त्या सावकाश तासभर चालू शकतात, मात्र चढण आणि जिने शक्यतो नकोत. सोबत नऊ वर्षांची मुलगी आहे. आम्ही सगळे शाकाहारी आहोत.

शनिवारी पहाटे निघून लॉक नेस सरोवर दाखवून रात्री परत आणणारी बससहल घ्यावी आणि किल्ला व तिथून होलीरूड राजवाड्यापर्यंत जाणारा रॉयल माइल हा रस्ता रविवारी पाहावा, असा माझा विचार आहे. हे जमण्यासारखे आहे का?

लीथकर:
जमेल, पण कृपया तसे करू नका. लॉक नेसची सहल साधारण बारा तासांची असते आणि त्यातला बहुतेक वेळ बसमध्येच जातो. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे परतीचा बराचसा रस्ता अंधारातच कापावा लागेल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतका वेळ बसमध्ये बसवून ठेवणे हेही चालण्याइतकेच त्रासाचे आहे. शिवाय ज्यांना इतिहास समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी एडिंबरा शहराला दोन दिवसही कमीच पडतात.

किल्ला शनिवारीच पाहावा, याला एक ठोस कारण आहे. किल्ल्यावरून रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडवली जाते. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना आपली घड्याळे लावता यावीत म्हणून ही प्रथा १८६१ मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. मात्र रविवारी तोफ उडत नाही. सकाळची पहिली वेळ आधीच ऑनलाइन आरक्षित करा, टॅक्सीने किल्ल्याच्या जितक्या जवळ जाता येईल तितके जा आणि आत शिरताच चालायला त्रास असणाऱ्यांना वर नेणाऱ्या गाडीची चौकशी करा, कारण आतला रस्ता चढाचा आणि दगडी फरसबंदीचा आहे. वर बाराव्या शतकातले सेंट मार्गारेटचे चिमुकले प्रार्थनागृह आहे, त्याच्याजवळ पंधराव्या शतकातली मॉन्स मेग ही अवाढव्य तोफ आहे आणि राजवाड्याच्या भागात स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार ठेवली आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ ही स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाची शिळा याच दालनात असल्याचे लिहिलेले आढळेल, पण ती शिळा २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे.

सासऱ्यांना मी मुद्दाम राजवाड्यातली एक अगदी लहानशी, भिंतींना लाकूड लावलेली खोली पाहायला सांगेन. जून १५६६ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीने तिथे सहाव्या जेम्सला जन्म दिला. पुढे १६०३ मध्ये हाच जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. जेम्सच्या जन्माआधी, मार्च १५६६ मध्ये, मेरी गरोदर असताना, रॉयल माइलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या होलीरूड राजवाड्यात तिचा सचिव डेव्हिड रित्झिओ याला तिच्या डोळ्यांदेखत जेवणावरून ओढून नेऊन ठार मारण्यात आले होते आणि त्या कटात तिचा नवरा डार्नली सामील होता. ही दोन्ही ठिकाणे पाहिल्यावर मधला रस्ता वेगळाच वाटू लागतो, म्हणून होलीरूड चुकवू नका. मात्र ते रविवारी सकाळी ठेवा. दोन्ही वास्तू एकाच दिवसात कोंबल्या, तर सासूबाई थकतील आणि सासऱ्यांना काहीच नीट वाचता येणार नाही. मेरीच्या दालनांकडे जाणारा चक्री जिना अरुंद आहे, तेवढा भाग सासूबाईंनी वगळावा. त्या वेळात त्यांना शेजारच्या मठाचे छप्पर कोसळलेले अवशेष पाहता येतील.

ओवरी:
वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट नकाशाची. या शहरात नकाशावर एकमेकांना छेदताना दिसणारे रस्ते प्रत्यक्षात वरखाली असतात. जॉर्ज द फोर्थ ब्रिज हा रस्ता काउगेटला नकाशावर सरळ छेदतो, पण प्रत्यक्षात काउगेट खूप खाली, पुलाच्या कमानीखालून जातो आणि तिथे उतरायचे म्हणजे जिने किंवा तीव्र उतार आलाच. त्यामुळे फोन सुचवेल तो जवळचा मार्ग सासूबाईंसाठी निवडू नका. रॉयल माइल नेहमी किल्ल्याकडून होलीरूडकडे, म्हणजे उताराच्या दिशेने चालावा. शनिवारी दुपारी सेंट जाइल्स कॅथीड्रलपर्यंतच या. रविवारी तिथे उपासना असल्यामुळे पर्यटकांना सकाळी आत हिंडता येत नाही. खालच्या कॅननगेट भागात डनबार्स क्लोज नावाच्या बोळातून आत गेल्यावर सतराव्या शतकातल्या धर्तीवर आखलेली एक शांत बाग लागते. तिथे बाके आहेत आणि प्रवेश मोफत आहे. होलीरूडहून परतताना तिथे थोडा वेळ बसता येईल.

दुसरी गोष्ट सासऱ्यांसाठी. किल्ल्यातून बाहेर पडल्यावर लगेच डाव्या हाताला कॅमेरा ऑब्स्क्युरा हा मनोरा आहे. तो १८९२ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी घेतला आणि शहराचा अभ्यास करण्याचे केंद्र म्हणून चालवला. जुन्या शहराची दैना झालेली असताना गेडिस कुटुंबासह इथल्याच जेम्स कोर्टमध्ये राहायला आले आणि सरसकट पाडापाडी न करता, अगदीच निकामी झालेले तेवढे काढून बाकीच्या इमारती दुरुस्त करण्याचा आग्रह त्यांनी धरला. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि त्यांचे विद्यार्थी, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. भारतातल्या कितीतरी शहरांचे अहवाल गेडिस यांनी लिहिले आहेत. ती दृष्टी जिथे घडली ती गल्ली आपल्या माणसांनी घाईघाईत ओलांडून जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. मनोऱ्यात वर जायला जिनेच आहेत, पण मुलीला अवश्य न्या. अंधाऱ्या खोलीत मधल्या पांढऱ्या मेजावर बाहेरचा रस्ता हलताना दिसतो आणि त्यावर कागदाचा तुकडा धरला की चालणारी माणसे त्या कागदावर चढून आल्यासारखी वाटतात.

कृष्णाकाठ:
आपल्या दोघांचेही आभार. लॉक नेसचा बेत रद्द केला आहे. गेडिस यांचे नाव सासऱ्यांना आजच फोनवर सांगितले. रविवारी दुपारी पाऊस असेल तर काय करावे? आणि जेवणाचे कसे?

लीथकर:
पाऊस असो वा नसो, दुपारी चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. तिथे प्रवेश मोफत आहे, सगळीकडे लिफ्ट आहे आणि बसायला भरपूर जागा आहे. मुलीला डॉली ही क्लोन केलेली मेंढी दाखवा. सासऱ्यांना लुइस बेटावर सापडलेली, वॉलरसच्या दातांतून कोरलेली मध्ययुगीन बुद्धिबळाची अकरा मोहरी दाखवा. हवा स्वच्छ असेल तर गच्चीवरून किल्ला समोर दिसतो. स्कॉट स्मारकाच्या २८७ पायऱ्या चढण्यापेक्षा तुमच्या मंडळींना हे सोयीचे पडेल.

जेवणाची अडचण येत नाही, फक्त एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. इथल्या बहुतेक कॅफेंत मसुराच्या डाळीचे सूप मिळते आणि ते दिसायला आपल्या आमटीसारखेच असते, पण पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराच्या मांसाचे पाणी वापरतात. त्यामुळे मागवण्यापूर्वी सूप कशात शिजवले आहे, हे प्रत्येक वेळी विचारा. हॅगिस हा मूळचा मेंढीच्या काळजा-फुप्फुसांचा पदार्थ असला तरी ओट, डाळी आणि भाज्यांचा शाकाहारी हॅगिस सर्रास मिळतो. तो मिरी घातलेला, चांगला चविष्ट असतो आणि थंडीत सासूबाईंनाही आवडेल. संग्रहालयातून स्टेशनवर येताना सामान जवळ असेल, तर टॅक्सीच करा.